बेरजेतला कपॅसिटर

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर डिप्लोमाची मुले सुट्या भागांची यादी घेऊन दुकानामागून दुकान पालथे घालताना दिसतात. त्या यादीत एलएम ३८६ ही आठ पायांची आयसी हमखास असते. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर तिच्यावर तासाभरात उभा राहतो, त्यामुळे प्रोजेक्टसाठी ती वर्षानुवर्षे खपते आहे. गाडी अडते ती एकाच ठिकाणी. डेटाशीटमधल्या नमुना सर्किटात स्पीकरच्या आधी २५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दाखवला आहे आणि गल्लीत २५० कुणाकडेच नसतो. असतो तो २२०, नाहीतर ३३०. दुकानदार मान वर न करता २२० काढून देतो: "हा घे, चालतो." चिकित्सक विद्यार्थ्याचे समाधान होत नाही. तो २२० सोबत ३३ चा आणखी एक घेतो आणि दोन्ही पॅरलल जोडतो. बेरीज २५३ होते, आणि आपण डेटाशीटला धरून वागलो या आनंदात तो घरी जातो.

यात दुकानदार बरोबर आहे. विद्यार्थ्याने केलेली जोडणीही बरोबरच आहे. चुकले आहे ते जोडण्यामागचे कारण. छोटे कपॅसिटर जोडून मोठा करण्याची पद्धत ऑडिओत सर्रास चालते. एक बाजू तिला जुगाड म्हणून नाक मुरडते, दुसरी बाजू तिला अचूकतेची पूजा मानते. खरे तर ही उत्तम पद्धत आहे. फक्त ती छापील आकडा गाठण्यासाठी क्वचितच लागते आणि इतर कामांसाठी वारंवार लागते.

आधी हिशेब पाहू. आउटपुटचा कपॅसिटर आणि स्पीकर मिळून खालच्या सुरांना गाळणी लावतात. आठ ओहमच्या स्पीकरला २५० मायक्रोफॅरड असेल तर ही गाळणी साधारण ८० हर्ट्झला लागते, २२० असेल तर ९० हर्ट्झला. या प्रोजेक्टला जो तीन इंची स्पीकर लावतात, त्याच्या तोंडून शंभर हर्ट्झखाली फारसे काही बाहेर पडतच नाही. म्हणजे गाळणी ८० ला लागली काय आणि ९० ला लागली काय, ऐकणाऱ्याला पत्ता लागणार नाही. त्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची सर्वसाधारण सहनमर्यादा उणे-अधिक २० टक्के. २२० छापलेला कपॅसिटर प्रत्यक्षात १७६ पासून २६४ पर्यंत काहीही भरू शकतो आणि तरीही तो सदोष ठरत नाही. विद्यार्थ्याने वर घातलेले ३३ हे मुळातल्या ४४ च्या अनिश्चिततेपेक्षाही कमी आहेत. त्याचा २५३ मीटरवर २०२ भरेल किंवा ३०३ भरेल.

मग २५० गेला कुठे? व्हॉल्व्हच्या आणि सुरुवातीच्या ट्रान्झिस्टरच्या काळात ८, १६, २५, ५०, २५०, ५०० असे आकडे चालत. पुढे प्रमाणित श्रेणी आल्या आणि इलेक्ट्रोलिटिकसाठी १०, १५, २२, ३३, ४७, ६८ ही सहा पायऱ्यांची शिडी रुळली. हे आकडे कुणी मनाला येईल तसे निवडलेले नाहीत. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या सुमारे १.४७ पट आहे, म्हणजे दहाचे सहावे मूळ. आता २२ मध्ये वीस टक्के मिळवून बघा: २६.४. आणि ३३ मधून वीस टक्के वजा करा: पुन्हा २६.४. एका पायरीचे वरचे टोक जिथे संपते तिथेच पुढच्या पायरीचे खालचे टोक सुरू होते. मधल्या आकड्यांना जागाच उरत नाही, कारण कारखान्यातून निघालेला कोणताही कपॅसिटर कोणत्या ना कोणत्या पायरीत बसतोच. खरोखरचा २५० भरणारा कपॅसिटर दुकानात असतो. त्याच्या अंगावर २२० छापलेले असते इतकेच.

बारावीच्या भौतिकशास्त्रात एकसर आणि समांतर जोडणीची उदाहरणे मुले पानेच्या पाने सोडवतात. समांतर असेल तर बेरीज, एकसर असेल तर व्यस्तांची बेरीज, आणि उत्तर अपूर्णांकापर्यंत बिनचूक. त्या पानांवर सहनमर्यादा कुठे भेटत नाही. परीक्षेसाठी ते ठीक आहे. पण हीच मुले पुढे वर्कबेंचवर बसतात तेव्हा सर्किटातला प्रत्येक आकडा त्यांना शिलालेखासारखा वाटतो आणि रुपयाच्या जागी दोन रुपये खर्च करून ती २५३ मायक्रोफॅरड जमवतात.

जोडणीची खरी जागा पॉवर सप्लायमध्ये आहे. गणेशोत्सवात, जत्रेत, हरिनाम सप्ताहात वाजणारे पत्र्याच्या पेटीतले अ‍ॅम्प्लिफायर उघडले की ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि त्यापाठोपाठ मेन फिल्टरचे जाडजूड नळकांडे दिसते. वीज ५० हर्ट्झची, ब्रिजमधून निघालेले हेलकावे १०० हर्ट्झचे. दोन हेलकाव्यांच्या मधल्या काळात अ‍ॅम्प्लिफायरला पोसण्याचे काम या कपॅसिटरचे. दोन अँपिअर ओढले जात असतील तर ४७०० मायक्रोफॅरडवर ढोबळमानाने सव्वाचार व्होल्टचा रिपल, म्हणजे उरलेला हेलकावा, येतो. ४७०० चे दोन जोडले की तो सव्वादोनच्याही खाली उतरतो. सर्किटात १०,००० लिहिलेले असेल आणि हाती ९४०० असतील, तर रिपलमध्ये फरक एका व्होल्टच्या आठव्या भागाइतका. तालुक्याच्या गावी १०,००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा कपॅसिटर सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी कुठून आणणार? ३३०० चे तीन लावणारा कारागीर गिऱ्हाइकाला फसवत नाही. तो ९९०० देतो आहे.

शिवाय तो आणखी काही देतो, जे एका मोठ्या नळकांड्यात मिळतेच असे नाही. मेन फिल्टरमधून सतत चार्ज आत-बाहेर होत असतो आणि कपॅसिटरच्या अंतर्गत रोधामुळे तो तापतो. तेवढ्याच आकारमानाची दोन छोटी नळकांडी केली तर त्यांचे बाहेरचे क्षेत्रफळ एका मोठ्याच्या सव्वापट भरते, म्हणजे उष्णता बाहेर पडायला जागा जास्त. प्रवाह वाटला जातो, अंतर्गत रोध समांतर पडून घटतो. इलेक्ट्रोलिटिकबाबत कारखानदार जो ठोकताळा वापरतात तो असा की तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. ८५ अंशांवर २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर ८००० तास टिकतो. मांडवात, उन्हात, पंखा नसलेल्या पेटीत हे दहा-वीस अंश फार मोलाचे असतात. नामवंत कंपन्यांच्या बुटक्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एका ओळीत चार-चार, सहा-सहा कपॅसिटर मांडलेले असतात, त्यामागे उंचीची अडचण असते आणि हे गणितही असते. तिथे मात्र कुणी त्याला जुगाड म्हणत नाही!

मात्र जोडायचे कसे, याला महत्त्व आहे, आणि बरीच जोडकामे इथेच फसतात. नेहमी दिसणारे चित्र असे: जुना कपॅसिटर बोर्डावर तसाच, डोक्यावर थोडा फुगलेला, शेजारी जागा नाही म्हणून नवा कपॅसिटर वीतभर वायरींनी लटकवलेला आणि पेटीच्या भिंतीला गोंदाने चिकटवलेला. त्याची निगेटिव्ह वायर, जवळ सापडले म्हणून, इनपुट सॉकेटच्या ग्राउंडला सोल्डर केलेली. अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की आधी नव्हती एवढी घरघर. दोष बेरजेचा नाही. ब्रिजमधून कपॅसिटरमध्ये जाणारा प्रवाह संथ नसतो. प्रत्येक हेलकाव्याच्या शिखराला तो सरासरीच्या कितीतरी पट उसळी मारतो. ही उसळी ज्या वायरीतून जाते तिच्यावर थोडा व्होल्टेज पडतो, आणि त्याच वायरीवर इनपुटचे ग्राउंड टेकलेले असेल तर ती घरघर गाण्याबरोबर वाढून स्पीकरला पोहोचते. दुसरा कपॅसिटर पहिल्याच्याच दोन टोकांवर, आखूड आणि जाड तारेने यायला हवा. ग्राउंड त्या जोडीच्या पुढून घ्यायचे, ब्रिज आणि कपॅसिटरच्या मधून नव्हे.

आणि फुगलेल्या कपॅसिटरला नवा जोडीदार देणे ही तर काटकसरही नव्हे. आतून वाळलेला कपॅसिटर काम करत नाही, सगळा भार नव्यावर येतो. जुना लीक झालेला असेल तर तो नव्यालाही घेऊन बुडतो. बदलायचे तर सगळे एकाच जातीचे, एकाच व्होल्टचे बदलावेत. पॅरलल जोडीत व्होल्टचे बळ सर्वांत दुबळ्याचे चालते. ६३ व्होल्टच्या शेजारी ३५ चा लावला की ती जोडी ३५ व्होल्टचीच.

"घातलाच आहे तर अजून एक घाला" हा आग्रहही गिऱ्हाइकाकडून होतो, विशेषतः बेस वाढेल या आशेने. बेस कपॅसिटरच्या संख्येवर अवलंबून नसतो. तो ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि त्याच्या खोक्यावर जास्त असतो. रिकामा कपॅसिटर चालू करतानाच्या क्षणी जवळजवळ शॉर्टसारखा वागतो. कपॅसिटर जितके जास्त तितका हा पहिला झटका मोठा, आणि तो ब्रिज, स्विच आणि फ्यूज यांना सोसावा लागतो. व्हॉल्व्हवाल्यांना हे चांगले ठाऊक होते. जीझेड ३४ या नावाजलेल्या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात पहिल्या फिल्टर कपॅसिटरची कमाल मर्यादा ६० मायक्रोफॅरड दिलेली आहे. जुने रेडिओग्राम आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर हौसेने दुरुस्त करणारे आज तिथे १०० किंवा २२० सहज बसवतात, कारण आताचे कपॅसिटर लहान आणि स्वस्त आहेत, आणि मग महागडा व्हॉल्व्ह का गेला म्हणून कपाळाला हात लावतात.

व्हॉल्व्हच्याच दुनियेत दुसरी जोडणी कामाला येते: सिरीज. ५०० व्होल्ट सोसणारा इलेक्ट्रोलिटिक मिळवणे अवघड, ३५० चा सहज मिळतो. शंभर-शंभर मायक्रोफॅरडचे दोन सिरीजमध्ये लावले की ५० मायक्रोफॅरड आणि कागदावर ७०० व्होल्ट. कागदावर, कारण व्होल्टेजची वाटणी निम्मी-निम्मी होईलच याची खात्री नसते. दोन्हींची व्हॅल्यू वेगळी असेल तर लहान कपॅसिटरच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतो. १०० आणि ५० ची जोडी ९० व्होल्टवर लावली, तर साठ व्होल्ट ५० मायक्रोफॅरडवाल्यावर पडतात आणि तीस दुसऱ्यावर. त्यानंतर गळतीचा प्रवाह ही वाटणी आणखी बिघडवतो. म्हणून प्रत्येकाला समांतर एकेक रेझिस्टर द्यायचा, म्हणजे व्होल्टेज बरोबरीत राहतो आणि सेट बंद केल्यावर साठलेला चार्जही निघून जातो. हे दोन रेझिस्टर वाचवणाऱ्या माणसाने व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला हात लावू नये, असे सांगण्यात काही उद्धटपणा नाही.

स्पीकरच्या क्रॉसओव्हरची गोष्ट थोडी निराळी. आठ ओहमच्या ट्वीटरला ३००० हर्ट्झवर साधा एका कपॅसिटरचा क्रॉसओव्हर द्यायचा तर हिशेबाने ६.६३ मायक्रोफॅरड लागतो. बाजारात ६.८ मिळतो. ६.८ लावल्याने आवाजात पडणारा फरक डेसिबलच्या दहाव्या भागाइतका आहे. तरीही हौशी मंडळी ३.३ चे दोन फिल्म कपॅसिटर जोडून ६.६ करतात. करोत. ट्वीटर स्वतः सगळ्या सुरांवर आठ ओहमचा नसतो, पण हौसेला मोल नसते. खटकते ते दोन इलेक्ट्रोलिटिक पाठीला पाठ लावून बनवलेले नॉनपोलर. दहा मायक्रोफॅरडचे दोन उलटसुलट सिरीजमध्ये लावून पाच करायचे ही युक्ती अडीनडीला ठीक आहे. कायमच्या कामाला तयार नॉनपोलर किंवा फिल्म कपॅसिटर घ्यावा.

ज्या एका जागी आकडा खरोखर नेमका हवा, तिथे छोट्यांची बेरीज हाच सर्वोत्तम मार्ग ठरतो. ती जागा म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा फोनो अ‍ॅम्प्लिफायर. रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. वाजवताना ते उलट करावे लागतात. १९५४ पासून रुळलेल्या आरआयएए प्रमाणात त्यासाठी ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद असे तीन कालांक ठरलेले आहेत. इथे कपॅसिटर पाच टक्के चुकला तर संपूर्ण मैफलीचा तोल हलतो, आणि डाव्या-उजव्या चॅनेलचे कपॅसिटर वेगवेगळ्या दिशांना चुकले तर गायक मधोमध उभा राहत नाही. एक टक्का अचूकतेचे मोठे कपॅसिटर महाग आणि दुर्मीळ, दहा नॅनोफॅरडपर्यंतचे त्या मानाने सहज मिळतात. इंग्लंडचे ऑडिओ अभियंते डग्लस सेल्फ यांनी आपल्या पुस्तकांतून यावर सरळ उपाय सांगितला आहे: छोटे, सारख्या व्हॅल्यूचे अनेक समांतर जोडा. फायदा दुहेरी. हवा तो आकडा बनतो, आणि प्रत्येकाची चूक आपापल्या दिशेला असल्याने त्या एकमेकींना बऱ्याच प्रमाणात खोडतात. चार जोडले तर संभाव्य चूक निम्म्यावर येते, नऊ जोडले तर तिसऱ्या भागावर. अट एकच, चुका खरोखर स्वतंत्र हव्यात. एकाच घाण्यातून निघालेले सगळे कपॅसिटर एकाच बाजूला दोन टक्के झुकलेले असतील, तर शंभर जोडूनही ते दोन टक्के तसेच राहणार.

सेल्फ यांचा दुसरा सल्लाही इथे आठवण्यासारखा आहे. सिग्नलच्या वाटेवरचा इलेक्ट्रोलिटिक विकृती आणतो ती मुख्यतः त्याच्या दोन टोकांमध्ये सिग्नलचा व्होल्टेज पडतो तेव्हा. म्हणून तो गरजेपेक्षा बराच मोठा घ्या, म्हणजे खालच्या सुरांनाही त्याच्यावर व्होल्टेज पडणारच नाही. ४७ पुरत असेल तिथे ४७ चे दोन लावायचे ते आकडा ओलांडण्यासाठी. डेटाशीटला चिकटून बसणाऱ्यांना हे पटायला जड जाते.

आणि मग येतो हाय-फाय बाजाराचा आवडता टोटका: प्रत्येक मोठ्या इलेक्ट्रोलिटिकच्या डोक्यावर ०.१ मायक्रोफॅरडचा सुंदर रंगाचा फिल्म कपॅसिटर. वॉल्ट युंग आणि रिचर्ड मार्श यांनी १९८० मध्ये अमेरिकेच्या 'ऑडिओ' मासिकात कपॅसिटर कसे निवडावेत यावर गाजलेली लेखमाला लिहिली आणि कपॅसिटरच्या जातीवरून वाद पेटला. सिरिल बेटमन यांनी २००२-०३ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड'मध्ये प्रत्यक्ष मोजमापे छापली. कपॅसिटर-कपॅसिटरमध्ये फरक असतो हे त्यातून दिसते, विशेषतः जास्त क्षमतेच्या सिरॅमिक जातींमध्ये. असा दहा मायक्रोफॅरड छापलेला इवलासा सिरॅमिक त्याच्या पूर्ण व्होल्टेजवर निम्म्याहून खाली घसरू शकतो; तिथे बेरीज करायची तर उरलेल्या व्हॅल्यूची करावी, छापलेल्या नव्हे. पण मोठ्या फिल्टरवर बसवलेल्या त्या ०.१ चे गणित वेगळे आहे. शंभर हर्ट्झवर १०,००० च्या शेजारी ०.१ म्हणजे काहीच नाही. फार वरच्या कंपनांवर त्याचा उपयोग होऊ शकतो, तोही आयसीच्या पायाशी लावला तर. दूरवर, लांब तारांनी लावला तर मोठ्या कपॅसिटरच्या आणि तारांच्या इंडक्टन्सशी जुळून तो स्वतःच नवी थरथर निर्माण करू शकतो. ऐकायला आलेल्या पाहुण्याला तो दाखवता येतो, हा त्याचा निर्विवाद गुण.

एक जागा मात्र जोडाजोडीला पूर्ण वर्ज्य मानावी: २३० व्होल्टची मेन लाइन. तिथे लावलेल्या एक्स आणि वाय वर्गाच्या कपॅसिटरना सुरक्षिततेच्या वेगळ्या चाचण्या असतात. लाइन आणि बॉडीमधला ४.७ नॅनोफॅरडचा वाय कपॅसिटर पेटीच्या पत्र्याकडे सुमारे एक तृतीयांश मिलिअँपिअर प्रवाह सोडतो. बाजूला आणखी एक जोडला की तो दुप्पट. अर्थिंग नसलेल्या मांडवात, ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून माइक धरणाऱ्या माणसाच्या हाताला जी झिणझिण जाणवते, तिच्यात अशाच प्रवाहाचा हात असतो. दुकानातला साधा ४०० व्होल्टचा कपॅसिटर तिथे चालवणे हा तर सरळ धोका. तो शॉर्ट झाला की पेटीचा पत्राच लाइनला लागतो.

म्हणून मागणी फार मोठी नाही. दुरुस्ती करणाऱ्याने जोडकाम केले तर बिलावर तसे लिहावे: '३३०० × ३, ६३ व्होल्ट'. पेटीच्या झाकणाच्या आतून मार्करने तेच लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या माणसाला ते लपवलेले वाटणार नाही. गिऱ्हाइकाने जोडलेले कपॅसिटर पाहून पैसे कापू नयेत. वायरी किती लांब आहेत आणि व्होल्ट किती छापले आहेत ते पाहावे. आणि आयटीआय, डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला एकाच व्हॅल्यूचे दहा कपॅसिटर आणि एक एलसीआर मीटर द्यावा. दहाही मोजायचे, मग त्यांतले दोन जोडून मोजायचे, मग चार. मोजण्याआधी प्रत्येक कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा करायला शिकवावे, कारण ४०० व्होल्टला भरलेला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आठ ज्यूल ऊर्जा धरून बसलेला असतो आणि मीटर त्यात नक्की जातो.